सह्याद्रीतले शांत घाट आणि रोड सायकल: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शुक्रवारी संध्याकाळी सातनंतर फोन वाजला की मी ओळखतो, उद्या कुणीतरी पहिल्यांदा घाट चढायला निघालंय. प्रश्न ठरलेले असतात. गिअर पुरतील का, गाड्या फार असतात का, वर खायला काय मिळतं. गेली बारा-तेरा वर्षं मी पुण्यातून सायकल काढून आसपासचे घाट चढतो-उतरतो. एकही स्पर्धा जिंकलेली नाही, जिंकेन असं वाटतही नाही. चुका मात्र भरपूर केल्यात. तेच तेच सांगून घसा बसायला लागला म्हणून एकदाचं लिहून टाकलं.

पहिला घाट कोणता करावा?

पुण्याचे असाल तर सिंहगड, वाई-साताऱ्याकडचे असाल तर पसरणी. दोन्हींना शांत म्हणणं धाडसाचं आहे, पण पहिल्या वेळी रस्त्यावर थोडी वर्दळ असलेली बरी. चेन तुटली तर कुणीतरी थांबतं.

सिंहगडाचा चढ डोणज्यापुढे गोळेवाडीपासून वरच्या वाहनतळापर्यंत साधारण ९ किलोमीटरचा. तेवढ्यात सुमारे ६०० मीटर उंची गाठायची. पसरणी वाईतून पाचगणीला जातो. वाई समुद्रसपाटीपासून ७०० मीटरच्या आसपास, पाचगणी १,३०० च्या आतबाहेर. उंची जवळपास तेवढीच, पण अंतर थोडं जास्त, त्यामुळे चढ सौम्य आणि एकसारखा. नवख्याला एकसारखा चढ सोपा जातो. एकदा लय सापडली की गिअरला हात लावावा लागत नाही, खाली धोमचं पाणी आणि वाईची कौलं लहान होत जातात. सिंहगड तसा नाही. तो मधेच उभा राहतो, मधेच थोडा सैल सोडतो आणि तुम्ही श्वास घेतलात की पुन्हा उभा राहतो. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा तीनदा थांबलो आणि तिन्ही वेळा दरी बघायला थांबल्याचं नाटक केलं.

शांत घाट सापडतो कुठे?

घाटाआधी घड्याळ बघा. ताम्हिणी जुलैतल्या रविवारी सकाळी अकराला लग्नाच्या हॉलबाहेरच्या पार्किंगसारखा असतो. गाड्यांचे दरवाजे उघडे, मोठ्याने गाणी, रस्त्यावर मक्याची कणसं. तोच ताम्हिणी डिसेंबरातल्या मंगळवारी सकाळी सातला घ्या. मुळशीच्या पाण्यावर वाफ, एखादी एसटी, डोक्यावर गवताचा भारा घेतलेली एक बाई. दहा मिनिटं दुसरं कुणी दिसत नाही. रस्ता तोच, डांबर तेच. तेव्हा आधी ऋतू, मग वार, मग वेळ ठरवा. घाटाचं नाव शेवटी.

तरी काही रस्ते मुळातच निवांत आहेत. ज्या घाटाची वाहतूक दुसऱ्या रस्त्याने पळवली, तो सायकलवाल्यांच्या वाट्याला येतो. कात्रजचा जुना घाट त्यातला. महामार्गाची गर्दी नव्या बोगद्याने जाते, जुन्या रस्त्याला श्वास घ्यायला मिळतो. (जुन्या बोगद्यात मात्र दिवा लावूनच शिरा. बाहेर कडक ऊन असलं तरी आत दोन-तीन सेकंद काहीच दिसत नाही.) भोर-आंबाड्याकडून मांढरदेवीला चढून वाईत उतरणारा रस्ता माझा फार आवडता. चढ कडक आहे, वाहनं मोजकी. फक्त पौषात, काळूबाईच्या यात्रेच्या दिवसांत तिकडे फिरकू नका. त्या वेळी तो रस्ता भाविकांचा.

दुसरा प्रकार धरणांच्या काठाचा. भाटघर, नीरा देवघर, पानशेत, पवना. इथे लांबलचक घाट नाहीत, पण पाणी डावीकडे ठेवून रस्ता सतत खाली-वर होतो आणि दिवसअखेर उंचीचा आकडा बघितला की घाटाएवढाच निघतो. अनेक फाटे शेवटच्या गावात संपतात, त्यामुळे पलीकडे जाणारं वाहनच नसतं. घाट हवा, पण घाटाचं दडपण नको, अशांना मी हेच सुचवतो.

तिसरा प्रकार एका माथ्यावरून फुटणाऱ्या दोन घाटांचा. गगनबावड्याहून करूळ घाट वैभववाडीकडे उतरतो आणि भुईबावडा खारेपाटणच्या बाजूला. एकाने उतरा, दुसऱ्याने चढा. त्या बाजूला सह्याद्रीची भिंत अगदी अंगावर येते.

वरंध भोरहून महाडला उतरतो. वर नीरा देवघरचा जलाशय, माथ्यावर कावळ्या किल्ल्याची खिंड, खालच्या बाजूला शिवथरघळीचा फाटा. माझ्या मते पुण्याजवळचा सगळ्यात देखणा घाट हाच. आंबेनळी पोलादपूरहून महाबळेश्वरला चढतो, त्याबद्दल पुढे सांगतो. आंबोली सावंतवाडीवाल्यांना घरचा. पावसाळी शनिवार-रविवारी धबधब्यापाशी गाड्या खोळंबतात, एरवी दाट झाडी आणि सावली. चढताना सावली किती मोलाची असते ते एप्रिलमध्ये कळतं.

बोरघाट, कसारा, खंबाटकी, माळशेज या यादीत नाहीत. ते ट्रकवाल्यांचे. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाबद्दल दर महिन्याला कुणीतरी विचारतं: नाही, त्यावर सायकल चालत नाही. जुन्या महामार्गाने जा, तेही पहाटे.

‘७ टक्के चढ’ म्हणजे नेमकं किती?

१०० मीटर पुढे गेलात की ७ मीटर वर. कागदावर किरकोळ वाटतं. त्याचा अंदाज मला रेल्वेने दिला. कर्जत ते लोणावळा या घाटात आगगाडीचा चढ ३७ ला १ आहे, म्हणजे २.७ टक्के. एवढ्याशा चढासाठी कर्जतला गाडीच्या मागे जादा इंजिनं जोडतात. सिंहगडाची सरासरी साडेसहा टक्क्यांच्या आसपास आहे आणि तुम्हाला मागून ढकलणारं कुणी नाही.

२-३ टक्के चढ डोळ्यांना दिसतच नाही, फक्त पाय जड का झालेत ते कळत नाही. ५ टक्क्यांवर बोलत बोलत जाता येतं. ८ च्या पुढे वाक्यं तुटायला लागतात. १० च्या वर गप्पा बंद.

सरासरीवर मात्र विसंबू नका. आंबेनळीत पोलादपूर ते महाबळेश्वर साधारण ४० किलोमीटरमध्ये १,३०० मीटरच्या आसपास चढ आहे. भागाकार केला तर ३ टक्के आणि थोडं वर. हे गणित करून माझा एक मित्र निर्धास्त निघाला. सुरुवातीचा पट्टा जवळपास सपाट आहे, त्यामुळे सगळी उंची उरलेल्या अंतरात वसूल होते, हे त्याला प्रतापगडाच्या फाट्याअलीकडे कळलं. त्याच्या तोंडचे शब्द इथे लिहिण्यासारखे नाहीत. घाटाचा एकूण आकडा बघण्याऐवजी दर किलोमीटरला किती चढ आहे त्याचा आलेख बघा. कुठल्याही नकाशाच्या ॲपवर मिळतो.

माझ्या सायकलचे गिअर पुरतील का?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न, आणि सगळ्यात जास्त खोटी उत्तरंही इथेच मिळतात. ‘पाय मजबूत पाहिजेत, गिअरचं काय’ असं म्हणणाऱ्याकडे लक्ष देऊ नका.

पुढची छोटी चकती आणि मागची सगळ्यात मोठी चकती यांचे दात मोजा. पुढच्याला मागच्याने भागा. उत्तर १ च्या जवळ आलं तर घाट सुखाचा.

हिशेब असा. पुढे ३४, मागे ३२ असेल तर पॅडलच्या एका फेऱ्यात चाक जेमतेम एकदा फिरतं. चाकाचा घेर सुमारे २.१ मीटर. मिनिटाला ६० फेरे मारले तर वेग येतो ताशी ८ किलोमीटर. जुन्या रोड बाईकवर पुढे ३९ आणि मागे २५ असायचे. त्यावर तेच ६० फेरे मारायचे तर ताशी जवळपास १२ किलोमीटरने चढायला हवं. सायकलीसकट ८४ किलो वजन धरलं तर सिंहगडासारख्या चढावर ८ च्या वेगाला साधारण १३५ वॅट लागतात आणि १२ च्या वेगाला २०० च्या आसपास. १३५ वॅट नियमित सायकल चालवणारा कुणीही तासभर काढू शकतो. २०० वॅट तासभर काढायला महिनोन्महिने घाम गाळावा लागतो. तेवढा गाळला नसेल तर फेरे ६० वरून ४० वर येतात, सगळा भार गुडघ्यांवर जातो आणि सोमवारी जिना उतरताना कठड्याला धरावं लागतं.

म्हणून पुढे ५०-३४ आणि मागे निदान ३२, जमलं तर ३४ ची कॅसेट (मागच्या चकत्यांचा संच) लावून घ्या. मागचं डिरेलर (चेन एका चकतीवरून दुसरीवर नेणारा भाग) एवढी मोठी चकती पेलतं का, ते मेकॅनिकला आधी विचारा. साध्या हायब्रिडवर (सरळ हँडलची, थोड्या जाड टायरची सायकल) पुढे बहुतेकदा तीन चकत्या असतात, त्यांना हा प्रश्नच येत नाही. घाटात हायब्रिडवाला रोड बाईकवाल्याला आरामात मागे टाकताना मी पाहिलाय. मागे पडलेला रोड बाईकवाला मीच होतो.

गिअरवरून आठवलं. एका फेब्रुवारीत आदल्या दिवशी सर्व्हिसिंगहून आणलेली सायकल घेऊन मी पसरणीला गेलो. दुकानाचं नाव घेत नाही. माथा दोन किलोमीटरवर आला असताना शेवटचा, सगळ्यात हलका गिअर टाकला आणि चेन मोठ्या चकतीवरून उडी मारून थेट स्पोकमध्ये गेली. डिरेलर वळला, दोन स्पोक तुटले. डिरेलर आत किती जाऊ द्यायचा ते ठरवणारा लिमिट स्क्रू लावायचा राहिला होता. अर्धा तास चेन उपसत बसलो. हात काळेकुट्ट झाले, ते घाणेरीच्या पानांना पुसले, मग हातांना त्या पानांचा उग्र वास दिवसभर राहिला. शेवटी स्ट्रॉबेरीचे क्रेट भरून वाईला उतरणाऱ्या टेम्पोत सायकल आडवी टाकली. ड्रायव्हरने भाडं घेतलं नाही. वर एक खोका हातात दिला आणि म्हणाला, ‘दादा, मांडीवर धरा, दबल्या तर शेठ ओरडंल.’ तेव्हापासून घाटाच्या आदल्या संध्याकाळी मी मागचं चाक उचलून हाताने पॅडल फिरवतो आणि सगळे गिअर, विशेषतः पहिला आणि शेवटचा, टाकून बघतो. दोन मिनिटांचं काम आहे.

हलकी सायकल घेतली तर चढ सोपा होईल?

होईल, पण दुकानदार सांगतो तेवढा नाही. स्वार आणि सायकल मिळून ८४ किलो असतील आणि घाटाला तास लागत असेल, तर १ किलो वजन कमी केल्याने ४० सेकंदांच्या आसपास वाचतात. चाळीस सेकंदांसाठी चाळीस हजार मोजायचे की नाहीत, ते घरी विचारून ठरवा. तोच किलो पोटावरून उतरवला तरी घाटाला फरक कळत नाही.

पैसे घालायचेच असतील तर आधी कॅसेट, मग टायर, मग ब्रेकचे पॅड. टायर २८ मिलिमीटरचे घ्या. आपल्या घाटरस्त्यांवर २३ चे टायर म्हणजे स्वतःच्या मनगटांशी वैर. माझं वजन ७५ किलोच्या आसपास आहे, मी २८ च्या टायरमध्ये ७० ते ७५ पीएसआय हवा ठेवतो. दगडासारखी टणक हवा भरली की सायकल पळते हा समज अजून गेलेला नाही. खडबडीत डांबरावर टणक टायर नुसता उड्या मारतो.

बसून चढावं की उभं राहून?

बसून. उभं राहिल्यावर जोर जास्त मिळतो, पण श्वासही जास्त खर्च होतो. हेअरपिनच्या, म्हणजे उलट दिशेला फिरवणाऱ्या तीव्र वळणाच्या, आतल्या बाजूला रस्ता एकदम तिखट होतो, तिथे दहा-बारा फेरे उभं राहून मारा आणि पुन्हा बसा. गाड्या नसतील तर वळण बाहेरच्या बाजूने घ्या. अंतर चार पावलं वाढतं, चढ चांगलाच कमी होतो.

पहिल्या दोन किलोमीटरमध्ये मुद्दाम हळू जा. इतकं हळू की स्वतःची लाज वाटावी. सुरुवातीला जो तुम्हाला टाकून पुढे गेला तो सातव्या किलोमीटरवर कठड्यावर बसलेला भेटतो.

मधेच उतरून ढकलली तर?

तर चालत वर जाल. आमच्या आजोबांच्या पिढीने बिनगिअरच्या सायकली घाटातून ढकलतच नेल्या आणि कुणी त्यांना नावं ठेवली नाहीत. फक्त डावीकडून चाला आणि क्लीटचे (पॅडलमध्ये अडकणाऱ्या खाचेचे) बूट असतील तर जपून. डांबरावर ते घसरतात.

काय खायचं, पाणी किती?

तासाला अर्धा ते पाऊण लिटर पाणी. कोकणाच्या बाजूने चढत असाल तर त्याहून जास्त, कारण खालच्या दमट हवेत घाम वाळतच नाही, नुसता गळतो. दर हजार मीटरला हवा साधारण ६ अंशांनी थंड होते, त्यामुळे पोलादपूरला भिजून चिंब झालेला माणूस महाबळेश्वरला कुडकुडतो. एका बाटलीत साधं पाणी, दुसरीत मीठ-साखर-लिंबू किंवा ओआरएस. पायात गोळे आल्यावर मीठ खाऊन फार उपयोग नसतो. ते आधीपासून पोटात असावं लागतं.

खाण्यात तासाला ३० ते ६० ग्रॅम कार्बोहायड्रेट जायला हवेत. मध्यम केळ्यात साधारण २५ ग्रॅम असतात. जेलची पाकिटं मला मानवत नाहीत. राजगिऱ्याचे लाडू, चिक्की, खजूर, गूळ-शेंगदाणे हे सगळं खिशात मावतं, फक्त चिक्की उन्हात जर्सीला चिकटते. भूक लागण्याआधी खा. चढावर भूक जाणवेपर्यंत उशीर झालेला असतो. मग डोकं हलकं होतं, हात थरथरतात, समोरचं वळण दूर दूर जायला लागतं. तसं झालं तर थांबा, सावलीत बसा, काहीतरी गोड खा, वीस मिनिटं जाऊ द्या.

वडापाव, भजी, मिसळ माथ्यावर पोचल्यावर. चढाआधी मिसळ खाल्लेला माणूस मी पाहिलाय. तो तिसऱ्या वळणावर होता, सायकल दुसऱ्या वळणावर.

चढ जमतो, उताराची भीती वाटते. काय करू?

भीती वाटते हे उत्तम. ज्यांना वाटत नाही त्यांच्यासोबत मी उतरत नाही. चढताना वेग ताशी आठ असतो, पडलात तरी खरचटण्यावर निभावतं. उतारावर तोच वेग विनासायास पन्नासच्या पुढे जातो.

ब्रेक वळणाच्या आधी, सरळ रस्त्यावर मारा, वळणात शिरल्यावर नाही. आपल्याकडे बहुतेक सायकलींवर पुढचा ब्रेक उजव्या हाताला असतो आणि थांबण्याची खरी ताकद त्याच्यात असते. नुसता मागचा दाबला तर चाक अडकतं आणि घसरतं. वजन मागे सरकवा, दोन्ही ब्रेक वापरा, आणि दाबा-सोडा, दाबा-सोडा असं करत उतरा. पूर्ण घाटभर ब्रेक किंचित दाबून धरला तर रिम तापते. रिम ब्रेकच्या सायकलवर वजनदार माणसाच्या बाबतीत ट्यूब फुटण्यापर्यंत मजल जाते. जळक्या रबराचा वास आला की थांबा. फोटो काढायचा राहिला होता असं सांगा हवं तर.

वळणात बाहेरचा पाय खाली, वजन त्या पायावर. नजर वळण जिथे सुटतं तिथे. खड्ड्याकडे बघितलंत तर सायकल खड्ड्यातच जाते, हा अनुभव प्रत्येकाला एकदा येतो.

डावीकडची वळणं जास्त फसवी. वेग थोडा जरी जास्त झाला तरी सायकल उजवीकडे फेकली जाते, म्हणजे समोरून येणाऱ्याच्या वाटेत. आणि चढून येणारी जीप बहुतेक वेळा वळण कापूनच येते. तेव्हा आंधळ्या वळणावर आपल्या अर्ध्या रस्त्यातही डावीकडे राहा आणि तोंडाने ओरडा. घंटी ऐकू जात नाही, ‘ओ’ ऐकू जातो.

रस्त्यावर काय पडलंय ते बघा. पावसाळा संपला की ऑक्टोबरभर वळणांच्या बाहेरच्या कडेला वाळूचा पातळ थर असतो, डांबराच्याच रंगाचा, जवळ जाईपर्यंत दिसत नाही. भरलेल्या टाकीतून वळणावर सांडलेलं डिझेल असतं. ओल्या रस्त्यावर इंद्रधनुष्यासारखा डाग दिसला की तिथून सरळ जा, कलू नका. गावाआधी गतिरोधक असतात, बरेचसे न रंगवलेले. संध्याकाळी गुरं घरी निघतात आणि त्यांना घाई नसते.

हिवाळ्यात सकाळी उतरताना छाती गारठते. विंडचीटर नसेल तर माथ्यावरच्या टपरीतून कालचा पेपर मागून घ्या आणि जर्सीच्या आत छातीवर पसरवा. जुना उपाय आहे, अजून चालतो. घरी आल्यावर जाहिरातींची शाई पोटावर उमटलेली असते एवढंच.

पावसाळ्यात जावं का?

मला माहीत आहे, पावसाळ्यातलेच फोटो बघून तुम्हाला सायकल घ्यावीशी वाटली. तरी जूनच्या शेवटापासून ऑगस्टअखेरपर्यंत मोठे घाट टाळा असंच सांगेन. पावसाची भीती नाही, भिजून कुणी विरघळत नाही. भीती दरडीची आणि धुक्याची. सह्याद्रीचा काळा दगड टणक आहे, पण त्यावरची माती आणि कापलेल्या उतारावरचे सुटे दगड पाण्याने फुगतात आणि खाली येतात. वरंध पावसाळ्यात वाहतुकीला वारंवार बंद होतो, ताम्हिणी आणि आंबेनळीवरही वेळोवेळी तशी वेळ येते. बंदीचा आदेश जिल्हाधिकाऱ्यांचा असतो. ‘सायकलच आहे, जाऊ द्या की’ अशी हुज्जत पोलिसांशी घालायला जाऊ नका. दरडीला सायकल आणि ट्रक यातला फरक कळत नाही.

धुक्यात मागून येणाऱ्याला तुम्ही दिसत नाही. मागचा लाल दिवा दिवसाही लावलेला हवा. रंगवलेले पट्टे, लोखंडी जाळ्या आणि शेवाळ धरलेली कडा ओल्यात साबणासारखी असते.

पावसाचं वेड आवरत नसेल तर धरणांच्या काठाचे रस्ते घ्या, आठवड्याच्या मधल्या दिवशी, सकाळी लवकर. सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरचा मध्य हा खरा काळ. सोनकीच्या फुलांनी उतार पिवळे झालेले असतात, ओढे अजून वाहतात, गर्दी ओसरलेली. तिथपासून फेब्रुवारीपर्यंत आपलंच राज्य. मार्चपासून कोकणाच्या बाजूने चढायचं तर सूर्य उगवताना पायथ्याशी असा, दहाच्या आत माथ्यावर पोचा.

एकट्याने जाणं सुरक्षित आहे का? बाईने एकटीने?

एकट्याने जायचं तर घरी रस्ता सांगून जा, ‘महाडला चाललोय’ एवढं नाही, कुठल्या घाटाने आणि किती वाजेपर्यंत तेही. वरंधच्या पोटात आणि मुळशीपलीकडे मोबाईलची रेंज बराच वेळ नसते. रेंज गेली की घरच्यांनी लगेच घाबरू नये हेही आधीच सांगून ठेवा.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर माझ्या धाकट्या बहिणीचं आहे, ती आठ वर्षं चालवतेय. ती म्हणते, एकटीने जाते, पण उजाडल्यावर निघते, अंधारात घाटात शिरत नाही. ज्या टपरीवर एखादी मावशी बसलेली असेल तिथेच थांबते. चहा घेताना कुठून आलात, कुठे चाललात विचारलं तर कुठून ते खरं सांगते, कुठे ते सांगत नाही, आणि ‘मागून सगळे येतायत’ म्हणते. स्वच्छतागृहाची अडचण मोठी आहे. घाटाआधीचा शेवटचा पेट्रोलपंप किंवा कुटुंबं थांबतात असं हॉटेल हेरून ठेवते. नवीन घाट पहिल्यांदा कुणासोबत तरी करते, दुसऱ्यांदा एकटी. आणि तिला सगळ्यात जास्त वैताग छेडछाडीपेक्षा सल्ल्यांचा येतो, ‘ताई, चढ फार आहे हं पुढे.’

सोबत काय काय ठेवू?

दोन ट्यूब, टायर काढायचे लिव्हर, हातपंप, पॅच, चेन जोडायची कडी, ॲलन की. हेल्मेट हा प्रश्नच नाही. पुढचा-मागचा दिवा. सुटे पैसे, कारण रेंज नसली की क्यूआर कोडही नसतो. दुकानांतल्या पंक्चरवाल्यांकडे मोटारसायकलची सोय असते, रोड बाईकच्या पातळ वॉल्व्हला त्यांच्या पंपाचं तोंड बसत नाही. वीस-तीस रुपयांचा छोटा ॲडॅप्टर मिळतो, तो ठेवा. ट्यूब बदलायचा सराव घरी, पंख्याखाली, आधी दोनदा करून बघा.

माकडं, कुत्री?

माकडांसमोर पिशवी उघडू नका, केळं तर नाहीच. कुत्रं मागे लागलं तर चढावर वेगाने पळणं जमणार नाही. उतरा, सायकल मधे धरा, शांत उभे राहा. बहुतेकदा त्याचा रस कमी होतो.

स्पर्धा, बीआरएम वगैरे करावं का?

हौस असेल तर जरूर. मुंबई-पुणे सायकल शर्यतीत बोरघाटात पहिला येणाऱ्याला ‘घाटाचा राजा’ म्हणतात. हा किताब मला कुठल्याही परदेशी शर्यतीत चढावरच्या अव्वल स्वाराला मिळणाऱ्या ठिपक्यांच्या जर्सीपेक्षा भारी वाटतो.

बीआरएम म्हणजे लांब पल्ल्याची सायकल सफर. ही शर्यत नाही, ठरलेल्या वेळेत ठरलेलं अंतर पार करायचं. २०० किलोमीटरला साडेतेरा तास, ३०० ला २० तास, ४०० ला २७, ६०० ला ४०. एका मोसमात चारही पूर्ण केले की ‘एसआर’ (सुपर रँदोनर) म्हणवून घेता येतं. पुण्याहून निघणाऱ्या अनेक मार्गांवर एखादा घाट असतोच, आणि तो परतीच्या वाटेवर, रात्री, झोप डोळ्यांवर असताना येतो. नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी २०१५ साली दोघांच्या गटात ‘रेस ॲक्रॉस अमेरिका’ ही अमेरिका आडवी पार करणारी सायकल शर्यत पूर्ण केली. २०१७ मध्ये नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी ती एकट्याने पूर्ण केली. नागपूरजवळ सह्याद्रीसारखे घाट नाहीत, हे ‘आमच्याकडे चढच नाहीत हो’ म्हणणाऱ्यांना मी आवर्जून ऐकवतो.

आमच्याकडे खरंच चढ नाहीत. सराव कसा करू?

उड्डाणपूल. पहाटे पाचला, रस्ता मोकळा असताना, एकाच पुलावर दहा वेळा. लोक बघतात, बघू द्या. शिवाय समोरचा वारा. सोलापूर-लातूरकडच्या उघड्या रस्त्यावर वाऱ्याच्या विरोधात तासभर बसून, एका लयीत चालवणं हा घाटाचाच सराव आहे, फक्त दृश्य नाही. आठवड्यात दोनदा वीस-वीस मिनिटं असं चालवा की बोलता येईल, पण बोलावंसं वाटणार नाही. दोन महिन्यांत फरक कळतो.

वर पोचल्यावर किती वेळ थांबायचं?

अंग गार पडायच्या आत निघा, पंधरा-वीस मिनिटं पुरे. पोचल्याबरोबर आधी कोरडं काहीतरी अंगावर चढवा, फोटो नंतर. सिंहगडावर असाल तर मडक्यातलं दही घ्या, साखर आणि मीठ दोन्ही मागा. पिठलं-भाकरी मागवलीत तर अर्धीच खा, उतरताना पुढे वाकायचं असतं. आणि रविवार असेल तर नऊच्या आत खाली या. त्यानंतर गाड्या वर यायला लागतात आणि अरुंद वळणांवर दोन्हीकडून हॉर्न सुरू होतात.